सर्पदंशाच्या पत्रकातलं पाचवं कलम

साप चावला की दंशाच्या जागी पात्यानं फुली मारायची आणि विषारी रक्त वाहू द्यायचं, हे तुम्हाला कोणी सांगितलं? जबलपुरात किंवा आसपासच्या एखाद्या मराठी घरात राहत असाल, तर बहुधा मीच सांगितलं.

पिवळ्या कागदावरचं ते एकपानी पत्रक माझं. खाली नाव नव्हतं, कारण नावाचा हव्यास वाईट, असंही एक पत्रक मी लहानपणी वाचलं होतं.

आमच्या घरी पुस्तकं थोडी होती, पत्रकं भरपूर. वडील नोकरीच्या बदलीत वऱ्हाडातून इकडे आले आणि इथलेच झाले. सुटीच्या दिवशी स्टेशनपासून फुहारा चौकापर्यंत जो कोणी जे काही वाटत असेल ते ते खिशात घालून घरी आणायचे. दारूबंदी, स्वदेशी, बालविवाह, प्लेग, व्यायाम, गाईचं दूध. मी बाराखडी गिरवली ती पटकीच्या पत्रकावर. ‘पाणी उकळून प्यावे’ हे मी स्वतः वाचलेलं पहिलं पूर्ण वाक्य. छापलेल्या वाक्यासमोर मला तेव्हापासून जे वाटत आलं, ते इतरांना देवळात वाटत असावं.

वडील गेल्यावर घरात आई, दादा, वहिनी आणि मी असे चौघं उरलो. दादा कचेरीत जायचा. आई आणि वहिनी घर चालवायच्या. मी देश सुधारत होतो.

त्या पावसाळ्यात पनागरकडच्या खेड्यांतून सर्पदंशाच्या बातम्या वरचेवर येत होत्या. एका मित्राला कुठल्याशा आरोग्य प्रदर्शनात इंग्रजी पत्रक मिळालं होतं, ते त्यानं मला दिलं. हिंदीत असली पत्रकं निघत होती, मराठीत एकही नव्हतं. मी दोन दिवसांत भाषांतर केलं. भाषांतर म्हणजे सुधारणा, कारण मूळ मजकूर फारच मिळमिळीत होता. प्रत्येक वाक्यात ‘शक्यतो’, ‘आवश्यक वाटल्यास’, ‘जाणकाराच्या सल्ल्याने’. असल्या भाषेनं कोणी जागं होत नाही, असं माझं मत होतं. मूळ पाचव्या कलमात गरज भासल्यास दंशावर हलका छेद घ्यावा, अशा अर्थाचं काहीतरी होतं. मी लिहिलं: ‘कचरू नये. धारदार पात्याने दंशावर धीटपणे फुली मारावी व विषारी रक्त वाहू द्यावे.’ त्यातलं ‘कचरू नये’ माझं, ‘धीटपणे’ही माझंच. छापखान्यातल्या जुळाऱ्यानं खिळे लावता लावता त्या वाक्याची तारीफ केली. त्यानं तोवर माझ्या कशाचीही तारीफ केलेली नव्हती.

सातवं कलम तर मुळात नव्हतंच. ते मी पदरचं घातलं. मांत्रिक, गुनिया, झाडफूक करणारे आणि त्यांना बोलावणारे अशा सगळ्यांचा त्यात समाचार होता. ते जरा लांबलं. एका पानात बसवण्यासाठी मुळातलं थोडं किरकोळ कापावं लागलं.

छापखान्यात माझं अक्षर कोणालाच लागत नसे, म्हणून माझ्या प्रत्येक मजकुराची स्वच्छ प्रत वहिनी करायची. ती माहेरी अमरावतीला मराठी सहावीपर्यंत शिकली होती. तिचं अक्षर असं होतं की जुळारी माझ्या हातातले कागद पाहून आधी विचारायचा, “बाईंच्या अक्षरातलं आहे ना?” दुपारचं आवरलं की ती खिडकीशी बसायची आणि माझा संताप ठळक, सरळ रेघेत उतरवून द्यायची. हे पत्रकही तिनंच उतरवलं.

नागपंचमीच्या आधी ते घरोघर पोचलं पाहिजे, असा माझा आग्रह होता. लोक त्या दिवशी सापाला दूध पाजतात. त्याच दिवशी त्यांच्या हातात विज्ञान असावं. मी दीक्षितपुऱ्यातली आणि गढ्यातली मराठी घरं पायी हिंडून पत्रकं वाटली. पाटन आणि सिहोऱ्याला जाणाऱ्यांबरोबर गठ्ठे दिले. एक पत्रक खळ लावून आमच्याच स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवलं. शेजारी आईनं पूजेसाठी गंधानं नाग काढले होते. नऊ नाग आणि आठ कलमं.

आमच्या आईची पंचमी कडक. त्या दिवशी घरात काही कापायचं नाही, चिरायचं नाही, तळायचं नाही, खणायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. इतर घरांत हे तोंडानं पाळतात. आई आदल्या संध्याकाळीच विळी, चाकू, कात्री आणि दादाचा वस्तरा एका फडक्यात बांधून ट्रंकेत टाकायची. अडकित्तासुद्धा. दादा दरवर्षी पंचमीला दाढी न करता कचेरीत जायचा, आणि साहेबालाही ते आता माहीत झालं होतं.

त्या दिवशीही तो तसाच गेला. स्वयंपाकात पुरणाचे दिंड होते, ते वाफवायचे म्हणून चुलीला लाकडं हवी होती. लाकडं मागच्या अंगणात, भिंतीला टेकून रचलेली. ओल येऊ नये म्हणून वर पोतं. वहिनीनं पोत्याखाली हात घातला.

ती आत आली, दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, “भाऊजी, मला साप चावला.”

दूधवाला आला हे ती ज्या आवाजात सांगायची, त्याच आवाजात. उजव्या हाताच्या पाठीवर, अंगठ्याच्या खाली दोन ठिपके होते आणि त्यांतून रक्त येत होतं. तिनं सापही नीट पाहिला होता. आधी बराच वेळ लोहाराच्या भात्यासारखा आवाज येत होता, तिला वाटलं पलीकडे मांजर फिस्कारतंय. जाड अंग, पाठीवर साखळीसारखे तपकिरी गोल. घोणस. माहेरच्या शेतावर तिनं ती पाहिलेली होती.

खरं ते सांगतो. माझ्या मनात पहिल्यांदा भीती आली नाही. आपण तयार आहोत, असं आलं.

तिसरं कलम: दंशाच्या वर करकचून बांधावे. मी धोतराची पट्टी फाडली, कोपराच्या वर बांधली, तिच्यात लाटणं घातलं आणि पीळ दिला. वहिनीनं ओठ दाबले. चौथं कलम: रोग्यास झोपू देऊ नये, चालवत ठेवावे. मी तिला अंगणात चालायला लावलं. ती डाव्या हातानं उजवा हात धरून तुळशीपासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून तुळशीपर्यंत फेऱ्या घालू लागली. पाचव्या कलमासाठी पातं हवं होतं. मी ट्रंकेकडे धावलो.

ट्रंकेवर आई बसली होती.

“काय पाह्यजे?”

“वस्तरा दे. नाहीतर चाकू दे. काहीही धारेचं दे.”

“आज घरात पातं निघत नाही.”

मी भिंतीकडे बोट दाखवलं. “आई, तिथं छापलेलं आहे.”

“कोणी छापलं?”

“मी.”

“मग?” आई म्हणाली. तिनंच पुढे विचारलं, “तिला विष चढून राहिलं अन् तू तिला कापायला निघाला? टांगा आण. दवाखाना काहून आहे मग गावात?”

मी तिला समजावू लागलो. धारदार पात्यानं आणि धीटपणे हे कसं एका क्षणाचं काम आहे, तेही सांगितलं. आई ट्रंकेवरून उठली नाही. मी तिला हात धरून उठवू शकलो असतो. पण आईला हात धरून उठवावं, असं एकाही पत्रकात नव्हतं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारची दीदी आली. ती हिंदीभाषक, वहिनीची जिवाभावाची. तिनं हात पाहिला आणि म्हणाली की गढ्याचा गुनिया चांगला आहे, माझे हे सायकलीवर जाऊन घेऊन येतील. गुनिया हा शब्द ऐकताच माझं सातवं कलम सुरू झालं. ते मला तोंडपाठ होतं. मी ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत म्हटलं. दीदीला मराठी कळत नव्हती. तिनं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं आणि संपल्यावर विचारलं, “तो भैया, बुला लें?”

एवढ्या वेळात आईनं वहिनीचं चालणं बंद करून तिला पायरीवर बसवलं होतं. ती दीदीला म्हणाली, “गुनिया नहीं. टांगा.” दीदीनं नवऱ्याला टांग्यासाठी पिटाळलं. म्हणजे दवाखान्यात जायचं ठरलं ते माझ्या सातव्या कलमामुळे नव्हे. आईच्या तीन शब्दांत ठरलं.

टांग्यात वहिनी मधे, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मी. माझ्या खिशात विहिरीचं पाणी शुद्ध करायला टाकतात ती लाल पूड होती. सहावं कलम: जखमेत ती चोळावी. जखम झालीच नव्हती, त्यामुळे पूड खिशातच राहिली. वहिनीचा हात मनगटापासून फुगत चालला होता, आणि बोटांचा रंग मला आवडत नव्हता. पट्टी घट्ट आहे, यावर मी समाधान मानत होतो.

जबलपुरात पंचमीला कुस्त्यांची दंगल असते. फुहाऱ्याच्या अलीकडे रस्ता माणसांनी भरलेला होता आणि त्या गर्दीच्या तोंडाशी एक सपेरा टोपली उघडून बसला होता. बायका नागाला हळदकुंकू वाहत होत्या, वाटीत दूध ठेवत होत्या. आमचा टांगा त्या पूजेमागे अडकला. टांगेवाला ओरडून सांगू लागला की गाडीत साप चावलेली बाई आहे, बाजूला व्हा. गर्दी बाजूला होण्याऐवजी पाहायला जवळ आली. सपेराही उठून आला. त्यानं आत डोकावून वहिनीचा हात पाहिला.

“कंगन-चूड़ियाँ उतार लो, बाबूजी,” तो म्हणाला. “हाथ और फूलेगा. और ये इतना कस के किसने बाँधा?”

मी त्याला सांगितलं की या देशाच्या अज्ञानाला जी कारणं आहेत त्यांतलं एक त्याचा धंदा आहे. त्यानं ते नाकारलं नाही. टोपली उचलून त्यानं वाट करून दिली.

वहिनीनं मात्र ऐकलं होतं. ती डाव्या हातानं उजव्या हातातल्या पाटलीशी झटू लागली. आईनं तिचा हात धरला. आदल्याच दिवशी कासारीण येऊन दोन्ही हात हिरव्या बांगड्यांनी भरून गेली होती. सवाष्णीनं पंचमीच्या दिवशी हात मोकळा करायचा नाही, एवढंच आई म्हणाली. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी मनात आठही कलमं चाळली. माझ्या पत्रकात बांगड्यांविषयी काही नव्हतं.

दवाखान्यातले डॉक्टर वयस्क बंगाली होते, बोलायला कंजूष. त्यांनी आधी पट्टी पाहिली आणि कोणी बांधली असं विचारलं. मी ‘मी’ म्हणालो आणि कलमाचा क्रमांकही सांगितला. मग त्यांनी माझ्याशी बोलणं थांबवलं आणि वहिनीशी सुरू केलं. कधी चावला, कसा होता, पाठीवर काय होतं. तिनं भात्याच्या आवाजासकट सगळं नीट सांगितलं. डॉक्टरांनी कंपाउंडरला सीरम आणायला पाठवलं. घोड्याच्या रक्तापासून करतात ते विषावरचं औषध. ते शिरेतून जायला लागलं, तेव्हाच त्यांनी लाटण्याचा पीळ थोडा थोडा सैल केला. एकदम सोडला असता तर अडवलेलं विष एका झटक्यात अंगभर गेलं असतं, हे मला नंतर कळलं.

मग त्यांनी मनगट पाहिलं. काचेच्या बांगड्या मांसात रुतल्या होत्या, आणि पाटली सुजेच्या दोन वळ्यांच्या मधे दिसेनाशी झाली होती. डॉक्टर हिंदीत म्हणाले की ही पहिल्या मिनिटात निघायला हवी होती. प्रत्येक छापील पत्रकात हे लिहिलेलं असतं. तुम्ही लोक वाचत नाही का?

मी वाचलं होतं. त्या इंग्रजी पत्रकात दुसऱ्याच कलमात ते होतं: हातापायांतले सर्व दागिने ताबडतोब काढावेत. सातव्या कलमाला जागा करण्यासाठी मी जे किरकोळ कापलं, त्यात ते गेलं. वहिनी प्रत उतरवत होती तेव्हा तिनं लेखणी थांबवून विचारलंही होतं, “भाऊजी, दागिन्यांचं वाक्य सुटलं का?” मी म्हटलं होतं, सुटलं नाही, काढलंय. देशापुढे एवढे प्रश्न असताना आपण बांगड्यांवर ओळ खर्च करायची? तिनं पुढची ओळ उतरवायला घेतली.

आता ती खाटेवर पडून माझ्याकडे बघत होती.

कंपाउंडरनं ओलं फडकं घालून काचेच्या बांगड्या पकडीनं एकेक फोडल्या. एक काच मनगटाला लागून बारीक ओरखडा उठला. पाटली मात्र ना पुढे सरकेना, ना मागे. तिला मळसूत्र नव्हतं. लग्नात चढवली होती, ती तेव्हापासून उतरलेली नव्हती. डॉक्टर म्हणाले, कापावी लागेल. ही कापली नाही तर संध्याकाळपर्यंत बोटं काळी पडतील, आणि मग मला दुसरं काहीतरी कापावं लागेल. ज्या हातानं वहिनी लिहायची तो हात.

कंपाउंडर कानस घेऊन उभा राहिला आणि आईकडे पाहू लागला. त्याला वाटलं असेल, सोन्याचा प्रश्न आहे. मला माहीत होतं, कशाचा आहे. आई त्या हाताकडे पाहत राहिली. मला वाटलं आता ही खाटेवर बसणार, आणि इथे ट्रंकेसारखं होणार.

“कापा,” आई म्हणाली. “मी तिकडं तोंड करते.”

ती भिंतीकडे वळली, पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि कानशीचा आवाज थांबेपर्यंत तशीच उभी राहिली. बराच वेळ लागला. सोनं मऊ असतं असं मी वाचलं होतं.

काचेचा तो ओरखडा नखाएवढाही नव्हता. पण त्याचं रक्त थांबेना. कंपाउंडरनं कापूस बदलला, पुन्हा बदलला, दुपार कलली तरी कापूस लाल होतच होता. डॉक्टरांनी मला खाटेशी बोलावून तो दाखवला, जसा विद्यार्थ्याला दाखवतात. या सापाच्या विषानं रक्ताची गोठण्याची ताकद जाते, ते म्हणाले. एवढ्याशा ओरखड्याची ही गत. कोणी तिथं सुरी चालवली असती, तर ती टांग्यातच रक्त जाऊन संपली असती. तुम्ही घरी कापाकापी केली नाहीत हे चांगलं केलंत.

त्यांना वाटलं ते मी समजून केलं. मी खाली पाहिलं. आई तिच्या हिंदीत म्हणाली, “आज पंचमी है ना. छुरी नहीं निकलती.”

“अच्छा,” डॉक्टर म्हणाले, आणि कागदावर काहीतरी लिहू लागले.

कचेरीत निरोप गेला तसा दादा आला, दाढीचे खुंट वाढलेले, हातात मिटलेली ओली छत्री. काय काय झालं ते मी त्याला कलमांच्या क्रमानं सांगितलं. दुसरी पद्धत मला येत नव्हती. त्यानं सगळं ऐकलं. मग म्हणाला, “तू बाहेर बस.” मी तीन दिवस बाहेर बसलो.

त्या तीन दिवसांत शेवटची दोन बोटं राहतात की जातात, हे डॉक्टर सांगायला तयार नव्हते. करंगळीचा रंग जांभळा होता, मग आणखी गडद झाला. दादा रोज कचेरीतून थेट येऊन त्या बोटांना हलकेच हात लावून बघायचा, गरम आहेत का. चौथ्या दिवशी रंग परतायला लागला. हात वाचला. करंगळी आणि अनामिका मात्र आजही पुरत्या मिटत नाहीत. डॉक्टरांनी हिशेब सांगितला: थोडं सापाचं, थोडं पाटलीचं, थोडं पट्टीचं. पट्टी माझी. पाटलीचं वाक्य मी काढलेलं.

नागोबानं सून वाचवली, असं आई सगळ्यांना सांगते. मी तसं म्हणत नाही आणि म्हणणारही नाही. त्या दिवशी आमच्या घरात दोन अंधश्रद्धा होत्या. एकीनं पातं अडवलं आणि बांगड्याही अडवल्या. दुसरीनं पातं मागितलं आणि बांगड्या विसरली. दुसरी छापील होती, एवढाच फरक.

वहिनी घरी आल्यावर मी माफी मागायला गेलो. बरंच लिहून नेलं होतं. ते वाचायच्या आत ती म्हणाली, “भाषा चांगली होती, भाऊजी.”

मी कागद खिशात घातला.

“किती घरांत दिलं ते?” तिनं विचारलं. मी आठवून सांगत गेलो, ती मोजत गेली. पाटनचा गठ्ठा आणि सिहोऱ्याचा गठ्ठा धरून. “मग परत आणा,” ती म्हणाली. “माझ्यासारखीचा हात जायच्या आत.”

दादानं आणि मी दुसऱ्याच दिवशी लाकडं भिंतीपासून हलवली. आता ती विटांच्या चौथऱ्यावर असतात, मोकळ्यावर, आणि शेजारी एक काठी असते. धान्याचं सांडलंलवंडलं अंगणात राहू देत नाही, कारण उंदीर आला की मागून सापही येतो. आई लाकडं काढण्याआधी चौथऱ्यावर काठी आपटते आणि म्हणते, “निघा, बाप्पा.” मला ‘बाप्पा’ला हरकत आहे. काठीला नाही.

मग मी पत्रकं परत आणायला निघालो. लोकांनी वाटताना घेतली होती तेवढ्या सहज परत दिली नाहीत. एका काकूंनी ते पापडाच्या डब्यात तळाशी घातलं होतं आणि पापड संपेपर्यंत थांबा म्हणाल्या. सिहोऱ्याला एक निवृत्त पोस्टमास्तर चारचौघांत पाचवं कलम वाचून दाखवत होते, मराठी गद्यातला जोर कसा असावा याचा नमुना म्हणून. पाटनच्या मास्तरांनी तर ते मुलांकडून पाठ करून घेतलं होतं. मी त्यांना सांगितलं की ते चुकीचं आहे, त्यानं माणूस मरेल. मास्तर म्हणाले, चुकीचं कसं असेल, छापलंय. मी त्यांच्या दारात उभा राहून म्हणालो की ते छापणारा मीच. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि विश्वास ठेवला नाही.

जी परत आली ती मी चुलीत घातली. सगळी आली नाहीत. काही पाहुण्यांबरोबर गावोगावी गेली, काही कुठे आहेत हे कोणालाच माहीत नाही. वहिनी चोख मोजणी ठेवते, आणि तिच्या मोजणीत अजून पुष्कळ बाकी आहेत. म्हणून हे लिहिलं. अर्ध्या पानानंतर तिचा हात दुखायला लागतो, तेव्हा या खेपेची प्रत मीच केली आहे. जुळाऱ्यानं कपाळाला हात लावला, पण प्रत घेतली.

तर तुमच्या घरात ते पिवळं पत्रक असेल, भिंतीवर, डब्यात किंवा कुणाच्या वहीत, तर आज ते बाहेर काढा. तिसरं, चौथं, पाचवं आणि सहावं कलम शाईनं खोडा, खालचं वाचता येणार नाही असं. पाठीमागची बाजू कोरी आहे. तिथं ठळक अक्षरात लिहा: बांगड्या, अंगठ्या, जोडवी, पाटल्या लगेच काढा, निघत नसतील तर फोडा, कापा. माणसाला निजवा, चालवू नका. चावलेला हात किंवा पाय फळीला सैल बांधून हलू देऊ नका. कातडीवर पातं लावू नका, आवळू नका, चोखू नका, काही चोळू नका. सापामागे धावू नका. मिळेल त्या गाडीनं दवाखान्यात न्या, आणि वाटेत कोणाला भाषण देऊ नका. घरात लाकडं किंवा गोवऱ्या कोण काढतं, तिला हे एकदा वाचून दाखवा.

आणि पाटनला, सिहोऱ्याला किंवा तिकडच्या एखाद्या खेड्यात तुमचं कोणी राहत असेल, तर आजच्या टपालानं त्यांना एक कार्ड टाका. पाचवं कलम खोडा, एवढंच त्यावर लिहिलंत तरी पुरे.